फुलाळ बाहुल्या आणि मावशींचा डावा डोळा

ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी मावशी कामावर आल्या, काळा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रॅककडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्या कुणी बिघडवल्या?"

रॅकवर खुंट्यांना खोचलेल्या चाळीसेक लाकडी बाहुल्या उभ्या होत्या. वीतभर उंचीच्या, गोल डोक्याच्या, घेरदार झग्याच्या. प्रत्येकीच्या झग्यावर वेल होती. वेलीला पाने, पानांच्या बेचक्यात कळ्या, कळ्यांतून पुन्हा बारक्या वेली. झग्याचा मूळचा निळा रंग शोधून काढावा लागत होता. आणि गाल तर असे की कुणीतरी दोन्ही बाजूंनी सणसणीत ठेवून दिल्या असाव्यात.

लेथवरून कातारी म्हणाले, "तुम्हीच."

"मस्करी पुरे. खरं सांगा. माझ्यामागे कुणाला बसवलं होतं इथं?"

"कुणालाही नाही. सुट्टीवर जायच्या आधी तुम्हीच रंगवल्यात. आणि आजच्या नाहीत त्या, पाच-सहा वर्षं झाली, तुम्ही अशाच रंगवताय."

मावशी वाद न घालता रॅककडे वळल्या. हे फार क्वचित होते, म्हणून कातारींनी लेथ बंद केला.

बाहुल्यांचा हा कारखाना म्हणजे एका गल्लीतल्या ओळीने तीन खोल्या. पहिल्या खोलीत कातारी लेथवर लाकूड फिरवून धड आणि डोके काढतात. दुसऱ्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी मावशींचे टेबल. तिसरीत खोकी, पेंढा, फोन आणि मालक. मालक पस्तिशीचे. त्यांना रांगताना मावशींनी पाहिलेले आहे, त्यामुळे गिऱ्हाईक समोर असले की त्या "मालक, तुम्ही" म्हणतात आणि गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर गेले की "अरे". कातारी मावशींपेक्षा चार वर्षांनी मोठे. तरी तेही त्यांना मावशीच म्हणतात. सुरुवातीला मावशींनी यावर हरकत घेतली होती. त्याला आता तीस वर्षे झाली.

मावशी एकोणिसाव्या वर्षी इथे आल्या. पहिले वर्ष पॉलिश पेपरने लाकूड घासण्यात गेले, दुसरे पांढरा पहिला हात देण्यात. चौथ्या वर्षी थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, त्यांच्याकडे डोळे दिले. बाहुलीचे डोळे ज्याच्याकडे जातात तो कारखान्यातला मोठा माणूस. डोळे जमले तसे गाल, मग वेल. आता एक्केचाळीस वर्षे झाली. किती बाहुल्या झाल्या हे कुणी मोजले नाही. मावशींना विचारले तर त्या म्हणतात, "एका गावाला पुरतील आणि वर भांडायला शेजारच्या गावालाही पुरतील."

त्या दिवशी मावशींनी काचेच्या कपाटातून नमुना काढला. थोरल्या मालकांनी स्वतः रंगवलेली ही बाहुली म्हणजे कारखान्याचा कायदा. तिच्या झग्यावर एकच वेल, तिला पाच पाने आणि दोन फुले. गाल म्हणजे फिकट गुलाबी रंगाचे दोन ठिपके, लक्ष देऊन पाहिले तरच दिसणारे. मावशींनी एका हातात नमुना घेतला, दुसऱ्या हातात रॅकवरची बाहुली, आणि खिडकीशी जाऊन उजवा डोळा मिटला.

उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. डाव्याचे सहा आठवड्यांनी व्हायचे होते. नुसत्या डाव्या डोळ्याने पाहिले तेव्हा रॅकवरची बाहुली छान, शांत दिसली. वेल बेताची, गाल फिकट. मग त्यांनी डावा मिटला आणि उजव्याने पाहिले. हातात एक झुडूप होते आणि त्यातून एक लालबुंद तोंड बाहेर आले होते.

त्यांनी हे चार वेळा केले. मग त्या स्टुलावर बसल्या.

"कातारी," त्या म्हणाल्या, "मी सहा वर्षं नमुनाच रंगवत होते हो."

घडले होते ते एवढेच. मोतीबिंदू हळूहळू पिकत गेला. बारीक रेघ दिसेना, म्हणून मावशींनी ती जाड केली. जाड केलेलीही पुसट वाटू लागली, म्हणून शेजारी दुसरी काढली. फिकट गुलाबी दिसेना, म्हणून त्यात लाल मिसळला, मग शेंदरी, मग वरून आणखी एक हात. प्रत्येक पायरी इतकी लहान होती की त्यांना स्वतःला बदल जाणवलाच नाही. जाणवला तो फक्त बल्बचा. "हल्ली बल्ब चांगले येत नाहीत," अशी तक्रार करून त्यांनी टेबलावरचा दिवा तीनदा बदलून घेतला होता.

बाकीच्यांनी का नाही सांगितले? कातारींना वाटले, नव्या मालकांनी नवी फॅशन काढली असेल. थोरले मालक नुकतेच गेले होते आणि नवे मालक काहीही काढू शकतात असे कातारींचे मत होते, ते अजूनही आहे. मालकांना वाटले, ही मावशींची कला आहे, आपण कोण मध्ये बोलणार? आणि बाहुल्या तर पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागल्या होत्या. दोघेही गप्प राहिले. प्रत्येकाने मनात त्यालाच शहाणपण मानले.

घरी मात्र बिंग फुटले. मावशींची सून औषधांच्या दुकानात काम करते. तिच्याबरोबर स्टॉपवर उभ्या असताना मावशींनी लांबून येणाऱ्या बसला हात केला. बस थांबली तेव्हा ती कचऱ्याची गाडी निघाली. ड्रायव्हर भला माणूस होता, त्याने विचारले, "कुठं जायचंय?" सुनेने सासूबाईंना त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले.

आता 'फुलाळ' या शब्दाबद्दल. सुमारे तीन वर्षांपूर्वी रॅकवर जुना शिल्लक माल आणि नवा माल एकत्र आला. खोकी वेगळी भरायची होती. कातारींनी सुतारी पेन्सिलीने एका खोक्यावर 'साध्या' लिहिले आणि दुसऱ्यावर काय लिहावे या विचारात थोडा वेळ घालवून 'फुलाळ' असे लिहिले. मालकांनी तेच बिलावर टाइप केले. दुकानदार फोनवर म्हणू लागले, "साध्या नकोत, फुलाळ पाठवा." मावशींच्या कानावर शब्द येत होता, पण त्यांना वाटे, दुकानदारांना नावे लागतात, साबणाच्या वडीलाही असतात.

मग शब्द उंबरा ओलांडून गल्लीत गेला. बाहुलीत डोळ्यात भरणाऱ्या गोष्टी दोन, वेल आणि गाल. त्यामुळे ज्याला जी आधी दिसली त्याने त्या अर्थाने शब्द उचलला. कोपऱ्यावरच्या वकिलाने नवे लोखंडी फाटक बसवले, त्यात इतकी वळणे होती की पोस्टमनला कडी सापडेना. ते फाटक फुलाळ झाले. उन्हातून चालत आलेल्या गिऱ्हाइकाला कोपऱ्यावरचा न्हावी म्हणू लागला, "बसा, बसा, आज फार फुलाळ दिसताय, पाणी देऊ?" निवृत्तीच्या एका समारंभात तासभर भाषण झाले. त्यावर मागच्या रांगेतला अभिप्राय असा होता: "माणूस बरा आहे, पण बोलणं फुलाळ." मावशींनी स्वतः हा शब्द सुनेच्या भावाच्या एका पत्रासाठी वापरला होता. म्हणजे आपल्याच मोतीबिंदूवरून पडलेला शब्द त्या इतरांना नावे ठेवायला वापरत होत्या.

दुपारी मालक चहाचे दोन कप स्वतः घेऊन आले. चहा आणणे हे त्यांचे काम नव्हे, त्यामुळे मावशी सावध झाल्या.

"बोल."

"कुठं काय? चहा आणला."

"साखर किती घातलीस?"

"दोन चमचे."

"मग मोठं काम आहे. बोल."

काम मोठेच होते. एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानाने तीनशे बाहुल्या मागवल्या होत्या. बारा आठवड्यांत हव्या होत्या. कारखान्याने इतका माल एका दमात कधी दिला नव्हता. आणि पत्रात लिहिले होते, सर्व फुलाळ. दुकानाच्या बाई स्वतः येऊन एकेक पाहून घेणार होत्या.

"तर मी म्हणत होतो," मालक कपाकडे पाहत म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची काही घाई आहे का?"

मावशींनी कप खाली ठेवला.

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर दोन चमचे."

"अरे, मला आंधळी ठेवून धंदा करणार तू?"

"आंधळी कुठं मावशी? एक डोळा लख्ख आहे. मी म्हणतो फक्त तीन-चार महिने. तीनशे झाल्या की मी स्वतः रिक्षाने नेतो तुम्हाला."

"उतर माझ्या स्टुलावरून," मावशी म्हणाल्या. मालक स्टुलावर नव्हते, उभे होते. तरी ते दोन पावले मागे सरले.

संध्याकाळी सुनेने ऐकले तेव्हा तिच्या हातात चमचे पुसायचे फडके तसेच राहिले. "आई, त्यांना म्हणावं, एवढी अडचण असेल तर तुमचाच एक डोळा गढूळ करून घ्या आणि बसा रंगवत."

"ते जाऊ दे गं. तो पोरगा घाबरलाय. मला त्याचं काही वाटत नाही."

"मग तोंड का असं?"

"सहा वर्षं लोक म्हणताहेत, मावशींचा हात काय आहे. दुकानवाले म्हणतात, पेपरात फोटो आला. तो हात नव्हताच. मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी तो काढून बशीत टाकला. मग आता उरलं काय माझ्याकडे?"

सुनेने फडके बाजूला ठेवले. ती म्हणाली, "मला काय ठाऊक? मी गोळ्या विकते. तुम्हीच बघा काय उरलंय ते. दोन डोळे आहेत की सध्या, दोन तऱ्हेचे."

सुनेने हे सहज म्हटले होते, पण मावशींनी ते कामाची सूचना म्हणून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी बाहुली घेतली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून फुलाळ रंगवायला बसल्या. जमेना. उजवा डोळा मध्ये पडे. पाचव्या पानाशी हात आपोआप थांबे. गालावर दुसरा हात दिला की वाटे, बस झाले, बिचारीला ताप येईल. तयार झालेली बाहुली ना धड साधी, ना धड फुलाळ. दुसऱ्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखी दिसत होती.

मग त्यांनी चष्म्याच्या उजव्या काचेला आतून कागद चिकटवला आणि नुसत्या डाव्या डोळ्याने सुरुवात केली. हात पाण्यासारखा चालला.

कातारी दारात येऊन उभे राहिले. "हे काय? जहाज लुटायला निघालात?"

"लुटलं तर तुम्हाला हिस्सा देते. आता गप्प बसा आणि मला ती चाळीस पानी वही द्या."

ही पद्धत मावशींनी स्वतः काढली. डाव्या डोळ्याने एक बाहुली रंगवायची. मग कागद काढायचा, उजव्या डोळ्याने तीच बाहुली तपासायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. कुंचला कितीचा? दोन नंबरचा समजून हात चार नंबरचा उचलत होता. वेलीला पाने किती? तेवीस ते सव्वीस. लालात शेंदरी किती? कुंचल्याच्या टोकावर मावेल एवढा. गालावर रंगाचे हात किती? चार, आणि चौथा हात तिसरा ओला असतानाच. त्यामुळेच कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. सुकल्यावर दिला की तो थापल्यासारखा दिसतो, हेही त्यांनी मुद्दाम एक बाहुली वाया घालवून पाहिले आणि लिहिले.

आठवडाभराने वहीत दुसऱ्या तऱ्हेच्या नोंदी येऊ लागल्या. वेल इतकी दाट असूनही कुठे दोन पाने एकमेकांना चिकटलेली नव्हती. झग्याच्या काठाशी वेल दरवेळी आत वळत होती, एकदाही बाहेर सांडली नव्हती. आणि गाल. नमुन्यातल्या बाहुलीच्या गालापेक्षा मावशींचा गाल गव्हाभर खाली होता. त्यामुळे नमुना शहाणा दिसे आणि मावशींची बाहुली आता हसेल की मग, अशी दिसे.

मावशींनी जुन्या खोक्यांतून मोतीबिंदूच्या आधीच्या, वीस वर्षांपूर्वीच्या दोन बाहुल्या शोधून काढल्या. त्यांचेही गाल गव्हाभर खालीच होते.

"कातारी, हे बघा. गाल खाली मी आधीपासूनच देत होते."

"मग? मला माहीत आहे. थोरले मालक म्हणायचे, हिच्या बाहुल्या हसायला टेकलेल्या असतात."

"हे मला कधी नाही सांगितलंत!"

"तुम्ही तेव्हा मावशी म्हटल्यावर भांडत होता. कोण बोलणार तुमच्याशी?"

मावशींनी वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले 'डोळा', उजवीकडे 'हात'. जाडी, दाटी, लाली हे डोळ्याच्या खाती गेले. पाने न चिकटणे, काठ सांभाळणे, गालाची जागा हे हाताच्या. उजवी बाजू डावीपेक्षा लहान होती, पण रिकामी नव्हती. त्यांनी मालकांना बोलावले आणि सांगितले, "ऑपरेशन ठरल्या दिवशी होणार. त्याच्या आधी होतील तेवढ्या करते, राहिलेल्या नंतर या वहीवरून करते."

"आणि नाही जमल्या तर?"

"तर दुकानाच्या बाईंना तू तोंड दे. तुझ्या चहाला साखर असतेच."

याच दिवसांत शब्दवाल्या बाई आल्या. निरनिराळ्या धंद्यांतले शब्द गोळा करून त्या पुस्तक करत होत्या. न्हाव्याकडे केस कापून घेत असताना शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला 'फुलाळ' म्हटलेले त्यांनी ऐकले आणि माग काढत त्या इथे पोचल्या. हातात छोटा रेकॉर्डर, खांद्याला कार्डांनी भरलेली पिशवी.

मालकांनी त्यांना खुर्ची दिली आणि लगेच सांगायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांना म्हणे डोंगरावर एक फुललेले कुरण दिसले होते, तिथे एक लाल गालांची मुलगी होती, आणि परत येताना त्यांच्या तोंडून हा शब्द आपोआप निघाला. मावशी ऐकत होत्या. थोरले मालक डोंगरावर कधीच गेले नव्हते, जिना चढतानाही त्यांना दम लागे.

कातारीही थापेत मागे राहिले नाहीत. ते म्हणाले, "छे, छे. शब्द माझ्या आजोबांच्या वेळचा आहे."

शब्दवाल्या बाईंनी शांतपणे विचारले, "मग त्या वेळचा एखादा कागद, बिल, खोकं, ज्यावर तो लिहिलाय?"

मालकांनी मावशींकडे डोळ्यांनी खूण केली. खुणेचा अर्थ स्पष्ट होता. तीनशे बाहुल्या जायच्या आहेत. कारखान्याची खास शैली एका आजारातून आली असे छापून आले तर दुकानाच्या बाई काय म्हणतील?

मावशींना खूण नीट दिसली. उजव्या डोळ्याने त्यांना हल्ली असे बरेच काही दिसत होते.

"बाई, लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "शब्द कातारींचा, तीन वर्षांपूर्वीचा. पेन्सिलीने खोक्यावर लिहिला. आणि ज्याच्यावरून लिहिला ते सगळं माझ्या मोतीबिंदूनं केलं." आणि त्यांनी बल्बपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळे सांगितले. मालक तिसऱ्या खोलीत निघून गेले. तिथे खोकी हलवल्याचा आवाज येऊ लागला, जरुरीपेक्षा मोठा.

शब्दवाल्या बाई कार्डावर भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी कातारींना विचारले, "तुम्ही फुलाळच का लिहिलंत? फुलांची म्हणता आलं असतं."

"फुलांची म्हटलं तर वाटतं फुलं वेगळी काढून ठेवलीत. ही तर आतूनच तशी झालेली. दुधाळ म्हैस असते ना, ती दूध घेऊन फिरत नाही, तिच्यातच असतं. तसं."

बाईंनी मान वर केली. "रसाळ, केसाळ, दुधाळ. अगदी त्याच घडणीचा. तुम्ही नियमाला धरून शब्द बनवलात."

"असं?" कातारी म्हणाले. "मला तर फक्त खोकं भरायचं होतं." पण त्यांनी त्या दिवशी लेथ चालवताना दोनदा शीळ घातली.

बाईंनी कार्ड वाचून दाखवले. "फुलाळ, विशेषण. एक, नक्षी किंवा वस्तू: दाट वेलबुट्टीची, मोकळी जागा न सोडलेली. दोन, चेहरा किंवा गाल: रसरशीत लाल. तीन, बोलणे किंवा लिहिणे: गरजेपेक्षा सजवलेले. व्युत्पत्ती: फूल. बाहुल्यांच्या कारखान्यातला शब्द. मोतीबिंदूमुळे रंगारणीच्या कामात दाटी आणि लाली वाढली, त्यावरून."

"तिसरा अर्थ आमचा नाही," मावशी म्हणाल्या. "बाहुल्या बोलत नाहीत. तो गल्लीनं जोडला."

"तेही लिहिते. आणि हा शब्द चांगल्या अर्थी की वाईट?"

"ते कोण म्हणतंय त्यावर," कातारी म्हणाले. "न्हावी म्हणाला तर पाणी मिळतं."

"आणखी एक," मावशी म्हणाल्या. "नुसतं मोतीबिंदूमुळे नका लिहू. गाल खाली आहेत ते माझ्यामुळे. ते शब्दात येत नाही, मला कळतं. पण तुमच्याकडे कार्डाची मागची बाजू कोरी आहे."

बाईंनी कार्ड उलटून तेही लिहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत एकशे ऐंशी बाहुल्या झाल्या. मावशींनी प्रत्येकीच्या तळाला पेन्सिलीने बारीक आकडा घातला होता. दोन आठवडे त्या घरी राहिल्या, डोळ्यात थेंब घातले, आणि शेजारणीच्या भिंतीवरचे डाग मोजले, ते आधी नव्हते अशी त्यांची खात्री होती. मग परत येऊन त्यांनी वही उघडली.

आता मिटायला डोळाच राहिला नव्हता. दोन्ही डोळे एकाच सुरात सांगत होते, पुरे. पहिले दोन दिवस मावशी वहीशी वाद घालत बसल्या. चार नंबरचा कुंचला उचलायचा आणि मनात दोन नंबरचा म्हणायचे. तेवीस पाने मोजून काढायची, भाजी मोजून घेतात तशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवले की आपल्याला काय आवडते हा प्रश्नच नाही. ही दुसऱ्या एका बाईची वेल आहे, आपण ती नीट काढून द्यायची आहे. त्या बाईला आपण चांगले ओळखतो. तिथून काम मार्गी लागले. आठवड्याच्या शेवटी त्या गुणगुणत होत्या. शेवटच्या शंभरात एकदा वेल सत्तावीस पानांवर गेली. वहीत सव्वीसच होती. त्यांनी वही दुरुस्त केली.

दुकानाच्या बाई ठरल्या दिवशी आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातांवर पांढरे हातमोजे. मालकांनी तीनशे बाहुल्या तिसऱ्या खोलीत दहा-दहाच्या ओळीत मांडल्या होत्या, आधीच्या आणि नंतरच्या मिसळून. ही मिसळण्याची कल्पना मालकांची. मावशींनी ती चालू दिली, कारण त्यांनाही उत्तर हवे होते.

बाई एकेक बाहुली उचलत, दाराशी उजेडात नेत, फिरवून पाहत आणि ठेवत. दोन तास हेच चालले. मालकांनी एक खोके तीनदा बांधले आणि तीनदा सोडले. पन्नासाव्या बाहुलीच्या आसपास बाईंनी एक बाहुली वेगळी काढून खिडकीत ठेवली. मग आणखी एक. शेवटी खिडकीत अकरा बाहुल्या होत्या.

"ह्या नकोत," बाई म्हणाल्या.

"का, काय झालं?" मालकांनी घाईघाईने विचारले. "रंग तोच आहे, वेल तीच—"

बाईंनी एक बाहुली हातात धरली. त्यांना शब्द सापडत नव्हता. "या जरा सभ्य आहेत."

मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी अकराही बाहुल्या उलट्या करून तळाचे आकडे पाहिले. एकशे एक्क्याऐंशी ते एकशे एक्क्याण्णव. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या, वहीशी भांडताना काढलेल्या. त्यानंतरच्या एकशे नऊ बाहुल्यांतली एकही खिडकीत नव्हती.

त्यांनी आकडे पुन्हा एकदा मोजले. मग मालकांकडे पाहून, गिऱ्हाईक समोर असल्यामुळे, नीट आदराने म्हणाल्या, "मालक, बाईंना चहा द्या. साखर तुम्ही घाला." आणि बाईंकडे वळून, "बरोबर काढल्यात. मीही ह्याच काढल्या असत्या. दोन दिवस द्या, सभ्यपणा काढून टाकते."

"जमेल?"

"आता जमेल. तेव्हा डोळे नवे होते."

बाईंनी मोजे काढले आणि मालकांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. कातारी लेथवर परतले. मावशींनी अकरा बाहुल्या रॅकच्या खालच्या ओळीत खुंट्यांना खोचल्या, पहिली टेबलावर घेतली, चार नंबरचा कुंचला लालात बुडवला आणि गालावर तिसरा हात दिला. तो ओला असतानाच चौथा दिला.

"झाली का बेशरम?" पलीकडून कातारींनी विचारले.

मावशींनी बाहुली हातभर लांब धरून दोन्ही डोळ्यांनी पाहिली.

"होतेय," त्या म्हणाल्या, आणि वेलीला चोविसावे पान काढायला वाकल्या.